एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट : सत्तावीस आवर्तनं आणि चुकीचा माईक

जुनाट_तबकडी (धागाकर्ता) | शनि, रात्री ९:४०

मामाच्या तबकड्यांचा खोका गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. मामा मालवाहू जहाजांवर होता, जाईल तिथून काहीबाही उचलून आणायचा. आजीच्या लेखी तो सगळा पसारा. त्या पसाऱ्यात माझ्या लहानपणीची एक तबकडी निघाली : अमेरिकन जॅझवाला ड्यूक एलिंग्टन याची 'एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट', अमेरिकेतल्या न्यूपोर्ट गावच्या मैफलीची, कोलंबिया कंपनीची, १९५६ सालची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारची जेवणं झाली, बायका आडव्या झाल्या, की मामा ही लावायचा. पहिली बाजू कधीच नाही. थेट दुसरी. तिच्यावरचंही पहिलं गाणं सोडायचं आणि वाकून, श्वास रोखून, सुई मधल्या रुंद पट्टीवर ठेवायची. मग साडेचौदा मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही. त्या चिजेचं नाव 'डिमिन्यूएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू'. सुरुवातीला सगळा बँड, मग अचानक बाकीचे गप्प आणि एकटा टेनर सॅक्सोफोन सुटतो. तो थांबतच नाही. मागे लोक आधी टाळ्या देतात, मग ओरडतात, मग तर आवाज असा चढतो की आता मांडव खाली येणार.

आमच्या प्रतीवर मधोमध एक चरा आहे. तिथे सॅक्सोफोनवाला तोच तुकडा तीनदा घेतो आणि टुणकन पुढे जातो. बारा-तेरा वर्षांचा होईपर्यंत मला तो त्याचा खास अंदाज वाटायचा.

आता मुद्दा. भाच्याने मला याच मैफलीची १९९९ ची दोन सीडींची आवृत्ती ऐकवली आणि सोबतची माहिती वाचून दाखवली. ती अशी की मामाच्या तबकडीवरचा बराचसा ऐवज न्यूपोर्टचा नाहीच! मैफल ७ जुलैची. ९ जुलैला बँडला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसवून पहिली बाजू बहुतेक नव्याने वाजवून घेतली, वर टाळ्या चिकटवल्या आणि 'मैफलीचं ध्वनिमुद्रण' म्हणून विकली. दोन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

खडूस_वाचक | शनि, रात्री १०:०५

यात प्रकाश काय टाकायचा? फसवणूक आहे. डब्यावर आमरस लिहायचं आणि आत पपईचा गर. एलिंग्टनची ही सर्वांत जास्त खपलेली तबकडी, हे विशेष.

नवखी_श्रोती | शनि, रात्री १०:१२

छान धागा. पण मला यातलं ओ की ठो कळत नाही. ड्यूक एलिंग्टन हे जॅझवाले इतपत ठाऊक आहे. स्विंग म्हणजे काय? आणि न्यूपोर्टला एवढं काय घडलं? कुणी शाळेतल्यासारखं सांगेल का?

न्यू_इंग्लंडवासी | शनि, रात्री ११:३०

@नवखी_श्रोती, मी सांगतो. न्यूपोर्ट माझ्या घरापासून गाडीने दीड तासावर आहे, दरवर्षी चक्कर होते.

स्विंग म्हणजे १९३० च्या दशकातलं अमेरिकेचं नाचायचं संगीत. पंधराएक जणांचा बँड : ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, मागे पियानो, बास, ड्रम. एलिंग्टन, काउंट बेसी, बेनी गुडमन हे त्या काळचे बडे बँडमालक. दुसऱ्या महायुद्धानंतर हवा फिरली. नाचघरं ओस पडली, एवढ्या माणसांचे पगार परवडेनात, एकेक बँड बंद झाला. एलिंग्टनने नेटाने चालू ठेवला, स्वतःच्या गाण्यांच्या मानधनातून घालून ठेवला असं म्हणतात. १९५१ मध्ये त्याचा हुकमी सॅक्सोफोनवादक जॉनी हॉजेस सोडून गेला, तो १९५५ मध्ये परत आला. त्याच १९५५ च्या उन्हाळ्यात हा बँड न्यूयॉर्कजवळ एका पाण्यातल्या कसरतींच्या खेळाला साथ करत होता. एलिंग्टनवर ही वेळ! सगळे म्हणत होते, म्हातारा संपला. (वय ५६. त्या हिशोबाने या धाग्यावरचे अर्धे संपलेत.)

मग १९५६ चा न्यूपोर्ट जॅझ महोत्सव. जॉर्ज वेनने तो १९५४ मध्ये सुरू केलेला. जागा फ्रीबॉडी पार्क, म्हणजे गावातलं खेळाचं मैदान. शनिवारची रात्र. एलिंग्टनचा बँड साडेआठच्या सुमारास चढला तेव्हा चार वादकांचा पत्ताच नाही! राष्ट्रगीत आणि एक-दोन चिजा उरकून उतरावं लागलं. मग बाकीच्यांचे कार्यक्रम होत राहिले आणि हे तीन तास मागे ताटकळत. एलिंग्टन वेनवर भडकला, आम्ही काय सर्कशीतली जनावरं आहोत का, अशा अर्थाचं बोलला. परत मंचावर आले तेव्हा पावणेबारा वाजले होते, लोक उठून पार्किंगकडे निघाले होते.

आधी खास महोत्सवासाठी बांधलेली तीन भागांची नवी रचना झाली. लोकांनी सभ्यपणे टाळ्या दिल्या. मग एलिंग्टनने जुनं बाड काढलं. 'डिमिन्यूएंडो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू' या त्याच्या १९३७ च्या दोन चिजा, जुन्या तबकडीच्या दोन बाजूंवर एकेक. त्यांच्या मधली जागा त्याने टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विसला दिली : तुला वाटेल तितका वेळ वाजव. पुढचं @जुनाट_तबकडी यांच्या मामांना पाठ होतं.

ठेका_चुकला | रवि, सकाळी ७:१५

मी तबलेवाला. जॅझ ऐकतो तो आमच्या क्लासच्या खालच्या मजल्यावरच्या ड्रमवाल्या पोरामुळे. थोडी भर घालतो.

गोन्साल्विसने सत्तावीस कोरस वाजवले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. कोरस म्हणजे इथे बारा मात्रांचं आवर्तन नव्हे, बारा 'बार'चं. एका बारमध्ये चार ठोके. म्हणजे अठ्ठेचाळीस ठोक्यांचा एक फेरा. लय चढी आहे, फेरा चौदाएक सेकंदांत संपतो. असे सत्तावीस, मिळून ३२४ बार, सहा मिनिटांहून जास्त. मागे फक्त बास आणि ड्रम, अधूनमधून एलिंग्टनच्या पियानोचा टोला.

आपल्या लोकांना हे लेहऱ्यासारखं वाटतं, पण फरक आहे. लेहऱ्यात सूर तोच राहतो आणि तबलेवाला खेळतो, सगळ्यांचं लक्ष समेकडे. इथे बाराच्या सांगाड्यात खालचे स्वरमेळ ठरलेले असतात : चार बार घरात, चार बार शेजारी जाऊन परत, शेवटचे चार लांबचा वळसा घेऊन घरी. वादकाने फेऱ्याच्या तोंडाशी काही ठरलेलं वाजवायलाच हवं असं नाही. गोन्साल्विस तर मुद्दाम फेऱ्याची सीमा ओलांडून वाक्य पुढे ओढतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला थांबायची जागा मिळत नाही. लोक वेडे झाले ते यामुळे. फार अवघड काहीही वाजवत नाही तो. आमच्या गुरुजींच्या भाषेत, हात कमी आणि दम जास्त.

मोजायचं असेल तर सोपं आहे. अंगठा एका हाताच्या पेरांवर फिरवा. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, झाली बारा. एका पेराला चार ठोके. हात संपला की एक कोरस. आणि बशीत सत्तावीस शेंगदाणे मोजून ठेवा, दर हाताला एक तोंडात टाका.

नवखी_श्रोती | रवि, सकाळी ८:०२

आता कळलं! शेंगदाण्यांसाठी दंडवत _/\_

मांडवीतीरी | रवि, सकाळी ९:२०

गोन्साल्विस हे आडनाव बघून आमच्याकडे गोव्यात अजून लोक छाती फुगवतात, "तो आमचोच न्हय?" नाही हो. पॉल गोन्साल्विसचे आईवडील केप व्हर्देचे, आफ्रिकेच्या पश्चिमेच्या बेटांवरचे. तीही पोर्तुगिजांची वसाहत, म्हणून आडनाव तेच. तो जन्मला मॅसॅच्युसेट्समध्ये, लहानपणी घरात गिटारवर पोर्तुगीज गाणी वाजवायचा. आमचे अँथनी गोन्साल्विस वेगळे : माजोर्ड्याचे, मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदातले व्हायोलिनवादक आणि संयोजक, प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यातलं नाव त्यांचंच.

तरी धागा अगदीच तुटका नाही. पोर्तुगिजांनी चर्चच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं, त्यामुळे गोंयकार पोरं कागद बघून वाजवू शकत. एलिंग्टनच्या चिजांचे कागद मुंबईला आले की ते वाचून वाजवणारे बहुतेक गोंयकारच. चिक चॉकलेट म्हणून गाजलेले ट्रंपेटवादक आंतोनियो शावियेर वाझ त्यांतलेच.

आणि गोन्साल्विस मुंबईला येऊन गेलाय. १९६३ मध्ये अमेरिकन सरकारने एलिंग्टनचा बँड मध्यपूर्व आणि भारताच्या दौऱ्यावर पाठवला होता. दिल्ली, हैदराबाद, बंगळूर, मद्रास, मुंबई, कलकत्ता. दिल्लीत एलिंग्टन स्वतः आजारी पडला, दवाखान्यात होता. नोव्हेंबरात तुर्कस्तानात असताना केनेडींची हत्या झाली आणि दौरा तिथेच गुंडाळला. त्या प्रवासातून पुढे 'फार ईस्ट स्वीट' निघालं. त्यात एक चीज दिल्लीतल्या साळुंकीच्या शीळ घालण्यावर आहे, क्लॅरिनेटवर. जरूर ऐका.

खडूस_वाचक | रवि, सकाळी ९:४१

अवांतर थांबवून मूळ मुद्द्यावर येऊ या का? तबकडी खोटी आहे की नाही?

तुलनेला बेनी गुडमनची कार्नेगी हॉलची मैफल घ्या. १६ जानेवारी १९३८. अभिजात संगीताच्या सभागृहात जॅझ. एलिंग्टनच्या बँडमधले जॉनी हॉजेस, कूटी विल्यम्स, हॅरी कार्नी पाहुणे म्हणून वाजवून गेले. ध्वनिमुद्रण मंचाच्या वर टांगलेल्या माईकवरून. त्या तबकड्या गुडमनच्या घरी पडून होत्या, १९५० मध्ये बाहेर आल्या. खरखर आहे, आवाज लांबचा आहे, पण जे झालं ते आहे. 'सिंग, सिंग, सिंग'मध्ये शेवटाकडे जेस स्टेसी पियानोवर अचानक एक शांत, वेगळ्याच मुलखातला तुकडा वाजवतो, तो कुणी ठरवलेला नव्हता. अशी चीज स्टुडिओत होत नाही. याला म्हणतात मैफलीचं ध्वनिमुद्रण.

साउंडवाला | रवि, दुपारी १२:५०

माझा पोटापाण्याचा धंदा माईकचा आहे, त्यामुळे बोलतो.

न्यूपोर्टला त्या रात्री मंचावर दोन पार्ट्यांचे माईक होते. एक कोलंबिया कंपनीचे, तबकडीसाठी. दुसरे व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओचे. गोन्साल्विस पुढे आला आणि नेमका रेडिओच्या माईकसमोर उभा राहून वाजवला. कोलंबियाच्या फितीवर तो लांबून, बाजूने ऐकू येतो. म्हणजे रात्रीतली सगळ्यांत मोठी गोष्ट आणि तीच कंपनीच्या हातून निसटलेली. तबकडीवर कंपनीचा निर्माता जॉर्ज अवाकियन याने हातात होतं ते जमेल तसं वर ओढून वापरलं. सॅक्सोफोन बादलीतून आल्यासारखा का वाटतो, त्याचं कारण हे.

मला हे वाचून हसू नाही आलं, घाम फुटला. गेल्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गायिकेसमोर दोन स्टँड ठेवले होते, एक हॉलच्या स्पीकरसाठी, एक मुद्रणासाठी. बाईंनी मुद्रणाचा माईक नाजूकपणे बाजूला सारला, साडीला अडकत होता म्हणून. घरी येऊन ऐकलं तर संवादिनी सणसणीत आणि बाई शेजारच्या खोलीत. आयोजकांनी उरलेले पैसे अजून दिले नाहीत.

पहिल्या बाजूचं म्हणाल तर नवी रचना पुरेशा तालमीशिवाय मंचावर आली होती. अवाकियनने आधीच धोका ओळखून सोमवारचा स्टुडिओ घेऊन ठेवला होता. तुमच्या मामांनी सुई जिच्यावरून उचलून पुढे नेली ती 'जीप्स ब्लूज'सुद्धा स्टुडिओतलीच. पण गोन्साल्विसचा सोलो, म्हणजे त्याचं ते एकट्याचं वाजवणं, स्टुडिओतला नाही. तो परत वाजवणं शक्यच नव्हतं, तेवढी अक्कल सगळ्यांना होती.

जुनाट_तबकडी | रवि, दुपारी १:३०

म्हणजे मामा नेमका खऱ्यावरच सुई ठेवायचा! त्याला हे ठाऊक असणं शक्य नाही.

पण @साउंडवाला, मग १९९९ च्या आवृत्तीत सॅक्सोफोन इतका जवळ कसा?

साउंडवाला | रवि, दुपारी २:१०

रेडिओची फीत सापडली. नव्वदच्या दशकात, अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयात. फिल शाप नावाच्या माणसाने दोन्ही फिती जुळवल्या. दोन्ही एकमार्गी (मोनो), पण माईक वेगवेगळ्या जागी. एक डाव्या कानात, एक उजव्या कानात घातली की झाला स्टिरिओ, जो त्या रात्री कुणी केलेलाच नव्हता! म्हणायला सोपं. दोन यंत्रांचा वेग कधीच तंतोतंत सारखा नसतो, दहा मिनिटांत एक फीत दुसरीच्या पुढे पळते. थोडं थोडं करत ओढूनताणून बसवायचं. त्या माणसाला माझा नमस्कार.

आणि तुमच्या चऱ्याचं गणित : मिनिटाला तेहतीस फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा. तीनदा अडकली म्हणजे तुमच्या मामांच्या घरी गोन्साल्विस सगळ्या जगापेक्षा साडेतीन सेकंद जास्त वाजवला.

शॉर्टवेव्ह | रवि, संध्या ६:१८

मुलांनो, मी वयाने बहुधा इथे सगळ्यांत मोठा. व्हॉइस ऑफ अमेरिका म्हटलंत म्हणून टंकायला बसलो. नातीने कळफलक लावून दिला आहे.

आमच्या वर्ध्याच्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्यावर विलिस कोनोव्हर या गृहस्थांचा जॅझचा कार्यक्रम लागे. इंग्रजी इतकं सावकाश आणि खणखणीत बोलत, की आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरांनाही शब्द न् शब्द लागे. कार्यक्रमाची सुरुवातीची धून एलिंग्टनच्या बँडचीच, 'टेक द ए ट्रेन'. ती वाजली की वडील आतून ओरडत, "लागली का तुझी आगगाडी?" आवाज समुद्राच्या लाटेसारखा येई-जाई. नेमक्या रंगलेल्या वेळी चिनी भाषेतलं काहीतरी मध्ये घुसे.

गंमत अशी, की त्या रेडिओचं प्रसारण अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच, त्यांच्याच कायद्याने मनाई होती. तिथे कुणी कोनोव्हरना ओळखत नव्हतं आणि वर्ध्यात मी ओळखत होतो. तेव्हा तो योग्य माईक अमेरिकेसाठी नव्हता, आमच्यासाठी होता असं म्हणायला हरकत नाही. ती रात्र मी ऐकली होती का, आठवत नाही. ऐकली असेन तर खरखरीसकट.

मांडवीतीरी | रवि, संध्या ६:४०

काका, काय सुंदर लिहिलंत. आगगाडी!

नवखी_श्रोती | रवि, रात्री ८:५५

मी आत्ता ऐकलं. १९९९ वालं. दोनदा. सातव्या-आठव्या फेऱ्यापासून मागे कुणीतरी कागदासारखं फटफट आपटतंय असं वाटतं आणि पुरुषी आवाजात आरोळ्या येतात. तो कोण?

न्यू_इंग्लंडवासी | रवि, रात्री १०:२०

आरोळ्यांतला बराचसा वाटा खुद्द एलिंग्टनचा. आणि फटफट बहुधा जो जोन्स. काउंट बेसीच्या बँडचा पूर्वीचा ड्रमवादक, त्या दिवशी दुसऱ्यांबरोबर वाजवून झाला होता. मंचाच्या कडेला, लोकांना न दिसेल असा बसून, गुंडाळी केलेलं वर्तमानपत्र आपटत बँडला लय देत होता. श्रोते त्याला बघत नव्हते, पण बँडला तो समोर दिसत होता. कित्येक जण म्हणतात की आग त्याने लावली. ड्रमवर सॅम वुडयार्ड होता, त्याचं श्रेय मात्र यात मारलं जातं.

लोकांच्या बाजूने आग लावली ती काळ्या पोशाखातल्या एका सोनेरी केसांच्या बाईने. सोलो चालू असताना ती श्रोत्यांच्या बॉक्समधून उठून नाचायला लागली. तिचं बघून बाकीचे उठले, खुर्च्यांवर चढले. तबकडीच्या वेष्टनावर मागे तिचा फोटो आहे बघा.

त्यानंतर लोक आवरेनात. वेन घाबरला, दंगल होईल म्हणून बस करा म्हणाला. एलिंग्टन मंचावरून त्याला सुनावतो, कलाकारांशी उद्धटपणा करू नका, आणि पुढची चीज लावतो. नव्या आवृत्तीत ते ऐकू येतं. सहा आठवड्यांत, २० ऑगस्टला, 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एलिंग्टन होता. पुढे स्वतःच सांगायचा, माझा जन्म १९५६ मध्ये न्यूपोर्टला झाला.

महोत्सव आता किल्ल्याच्या आवारात भरतो, समुद्राला लागून. मी मुद्दाम फ्रीबॉडी पार्कात गेलो होतो एकदा. शाळेतल्या पोरांचा खेळ चालू होता. बाकी काही नाही.

जुनाट_तबकडी | रवि, रात्री १०:४५

वेष्टनामागे फोटो आहे. तिच्या चेहऱ्यावर मामाने पेन्सिलीने दुकानाची किंमत लिहिली आहे.

खडूस_वाचक | रवि, रात्री ११:०२

ठीक आहे, दुसऱ्या बाजूवरची मोठी चीज मी सोडून देतो. पण पहिल्या बाजूवरच्या टाळ्या खोट्याच. त्या कुणाला दिल्या होत्या, ते तरी लिहायचं.

ठेका_चुकला | रवि, रात्री ११:१०

यावर सहमत. वाजवणाऱ्याचा अपमान आहे तो. सोमवारी स्टुडिओत ते चांगलं वाजवलेत, टाळ्यांशिवायही चाललं असतं.

गोन्साल्विसचं पुढे काय, कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो. उरलेलं आयुष्य जिथे जाईल तिथे लोक हीच चीज मागत. त्याला संथ, हळवी गाणी जास्त आवडायची आणि तो ती फार सुरेख वाजवायचा. १९७४ च्या मे महिन्यात तो लंडनमध्ये गेला. एलिंग्टन तेव्हा स्वतः अंथरुणाला खिळलेला, त्याला ही बातमी कळू दिली नाही. नऊ दिवसांनी तोही गेला.

शॉर्टवेव्ह | सोम, पहाटे ५:३०

हे ठाऊक नव्हतं मला.

जुनाट_तबकडी | सोम, सकाळी ८:१५

काल रात्री शेवटी दोन्ही लावलं. आधी मामाची तबकडी, मग भाच्याची आवृत्ती. नव्यात सॅक्सोफोन समोर बसून वाजवल्यासारखा आहे, फुंकेतली हवासुद्धा ऐकू येते. चऱ्याची जागा आली तेव्हा माझी मान सवयीने तीनदा हलली. तो एकदाच वाजवून पुढे निघून गेला. मी मागे राहिलो.

पेरांवर मोजायचा प्रयत्न केला. तबकडीवर चऱ्यापाशी हिशोब चुकला, ते समजू शकतो. पण नव्यावरही सव्वीसच भरतात. @ठेका_चुकला, पहिला कोरस कुठून धरायचा?

ठेका_चुकला | सोम, सकाळी ८:४०

बँड थांबतो आणि मध्ये थोडा वेळ पियानो एकटा वाजतो, तो धरायचा नाही. सॅक्सोफोनचा पहिला सूर आला की अंगठा करंगळीवर. आणि शेंगदाणे नीट मोजून घेतले होते ना?

जुनाट_तबकडी | सोम, सकाळी ८:५२

सत्तावीस मोजले होते. आत्ता चौकशी केली. एक हिने येता जाता उचलला होता.